रद्दी, समुद्र आणि सव्वा कोटी डॉलर : अमेरिकेतील बेसबॉल कार्डांच्या भावाचा इतिहास

१९६० सालची हकिकत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील टॉप्स या च्युइंग गम कंपनीच्या गोदामात आठ वर्षांपूर्वीचा न खपलेला माल जागा अडवून बसला होता. माल म्हणजे पुठ्ठ्याची छोटी रंगीत कार्डे, प्रत्येकावर एका बेसबॉल खेळाडूचे चित्र. जत्रांतून ती कवडीमोलाने विकण्याचा प्रयत्न झाला, पण कोणी घेईना. अखेर कंपनीचे अधिकारी साय बर्गर यांनी कार्डांची शेकडो खोकी कचरा वाहून नेणाऱ्या बार्जवर चढवली, न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून काही मैल आत नेली आणि अटलांटिक महासागरात लोटून दिली.

त्या खोक्यांत मिकी मँटल या खेळाडूचे ३११ क्रमांकाचे कार्ड होते. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कार्डाची एक प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांना विकली गेली. क्रीडाविश्वाशी संबंधित कोणत्याही वस्तूला तोवर मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती.

मात्र ही केवळ चढत्या भावाची कहाणी नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील असंख्य मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी अशीच कार्डे, हात न लावता, न उघडलेल्या खोक्यांत जपून ठेवली. पुढे कॉलेजच्या शुल्काची सोय होईल, हा हिशेब होता. त्यांतील बहुतेक कार्डांना आज विकत घेतलेल्या भावानेही गिऱ्हाईक मिळत नाही. फेकलेल्याचे सोने आणि जपलेल्याची माती कशी झाली, हे समजण्यासाठी सुमारे एकशे चाळीस वर्षे मागे जावे लागते.

१८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटांतून विकल्या जात. खिशात पाकीट चेपले की सिगारेटी मोडत, म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवण्याची रीत पडली. याच दशकात जेम्स बॉन्सॅक यांच्या यंत्रामुळे सिगारेटी हातांनी वळण्याची गरज उरली नाही. उत्पादन झपाट्याने वाढले आणि ग्राहकासाठी कंपन्यांची ओढाताण सुरू झाली. कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापले, चित्रांची मालिका केली, तर मालिका पुरी करण्यासाठी माणूस पुन्हा आपलेच पाकीट घेईल, हे व्यापाऱ्यांनी चटकन हेरले. रिचमंड शहरातील ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ मध्ये जगज्जेत्यांची ५० कार्डांची मालिका काढली. तीत मुष्टियोद्धे, नेमबाज आणि बिलियर्ड्सपटू यांच्या पंक्तीत दहा बेसबॉलपटूंना जागा मिळाली.

म्हणजे बेसबॉल कार्ड जन्मले ते सिगारेटीला टेकू देण्यासाठी. त्याला स्वतःची किंमत नव्हती. किंमत पाकिटाची होती.

१८९० मध्ये मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी ही मक्तेदारी उभी राहिली. स्पर्धक उरला नाही तेव्हा ग्राहकाला लालूच दाखवण्याचेही कारण उरले नाही आणि कार्डे जवळजवळ दिसेनाशी झाली. १९०९ मध्ये ती पुन्हा अवतरली. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडीत काढली. त्याच दोन वर्षांत निघालेली सुमारे ५२४ कार्डांची मालिका आज ‘टी२०६’ या रुक्ष नावाने ओळखली जाते. या छंदातील सर्वांत प्रसिद्ध कार्ड याच मालिकेतले.

ते होनस वॅग्नरचे. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा हा शॉर्टस्टॉप त्या काळचा अव्वल खेळाडू होता. १९३६ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये ज्या पहिल्या पाच जणांची निवड झाली, त्यांत तो होता. कंपनीने त्याचे कार्ड छापायला घेतले, पण त्याने संमती नाकारली आणि छपाई थांबली. नकाराचे कारण काय, यावर वाद आहे. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटची पाकिटे घेऊ नयेत, असे त्याला वाटत होते, ही लोकप्रिय कथा. मोबदला पुरेसा नव्हता, ही दुसरी. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे आणि सिगारच्या वेष्टनावर त्याचे नाव पूर्वी झळकले होते. त्यामुळे पहिली कथा सरसकट स्वीकारणे कठीण जाते. दुसरीकडे, संमती मिळवून देण्यासाठी ज्या क्रीडापत्रकाराला कंपनीने दहा डॉलर देऊ केले होते, त्याचे नुकसान होऊ नये म्हणून वॅग्नरने स्वतःच दहा डॉलरांचा धनादेश त्याला पाठवल्याची बातमी १९१२ मध्ये छापून आली. पैशासाठी अडून बसलेल्या माणसाचे हे लक्षण नव्हे. दोन्ही पुरावे समोर ठेवले, तर मुलांविषयीची त्याची काळजी खरी असावी, असाच कौल द्यावा लागतो.

परिणाम मात्र निर्विवाद आहे. इतर खेळाडूंची कार्डे हजारोंनी उरली. वॅग्नरची आज ज्ञात असलेली कार्डे साठच्या आसपास आहेत.

या कार्डांना ‘टी२०६’ असे नाव देणारा माणूस सिरॅक्यूज शहरात विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होता. जेफरसन बर्डिक त्याचे नाव. टी म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे, एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातील, अशी त्याने सगळ्या छापील कार्डांची वर्गवारी लावली आणि सूची प्रसिद्ध केली. बाकीची कार्डे काही सेंटना मिळत असताना या सूचीत वॅग्नरपुढे पन्नास डॉलर हा आकडा होता. संधिवाताने बोटे आखडलेली असतानाही बर्डिक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात बसून आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह वह्यांत चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये ते काम संपले आणि मार्चमध्ये तो वारला. संग्रह त्याने संग्रहालयाला दान केला होता. त्यात वॅग्नरही आहे. पुढच्या काळातील संग्राहकाला ‘चिकटवला’ हा शब्द ऐकून धडकी भरेल. मागच्या बाजूला गोंद लागलेल्या कार्डाचा भाव आज तळाला जातो. बर्डिकच्या दृष्टीने मात्र कार्ड हा अभ्यासाचा कागद होता.

१९३० च्या दशकात कार्डांनी तंबाखूची साथ सोडून च्युइंग गमची धरली आणि ग्राहक बदलला. आता गिऱ्हाईक होते आठ-दहा वर्षांचे पोर, हातात एक सेंट घेऊन दुकानाच्या फळीपाशी उभे असलेले. गौडी कंपनीच्या १९३३ च्या मालिकेत १०६ क्रमांकाचे कार्डच नव्हते. मुले ते मिळवण्यासाठी गमची पाकिटे घेत राहिली. ओरड झाली तेव्हा कुठे पुढच्या वर्षी नॅप लाजवेचे कार्ड त्या क्रमांकाने छापून, तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवण्यात आले. आज ते या छंदातील दुर्मीळ कार्डांपैकी एक आहे. पोरांना फसवण्यासाठी रिकामी ठेवलेली जागा पुढे मोलाची ठरली, हा योग या इतिहासात पुन्हा येतो.

आता टॉप्सकडे वळू. १९५१ च्या शरद ऋतूत साय बर्गर आणि वुडी गेलमन यांनी ब्रुकलिनमधील स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून १९५२ च्या ४०७ कार्डांचा आराखडा केला. मोठा आकार, भडक रंग, संघाचे बोधचिन्ह, खेळाडूची छापील सही, मागे त्याच्या कामगिरीचे आकडे. आजही बेसबॉल कार्ड म्हटले की जे डोळ्यांसमोर येते, त्याचा साचा तो हाच. मालिकेचा शेवटचा भाग, ३११ ते ४०७, हंगाम सरता सरता दुकानांत आला. मुलांचे लक्ष एव्हाना फुटबॉलकडे गेले होते. दुकानदारांनी मागणी नोंदवली नाही आणि माल गोदामात परतला. त्याचे पुढे काय झाले, ते आरंभी आलेच आहे. ही समुद्राची हकिकत प्रामुख्याने बर्गर यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली आहे, याची मात्र नोंद ठेवायला हवी. ते ती रंगवून सांगत.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. मँटलचे हे कार्ड त्याच्या मालिकेतील सर्वांत दुर्मीळ कार्ड नाही. उलट, छपाईच्या तक्त्यावर ते दोनदा मांडले गेले होते, म्हणजे शेजारच्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट छापले गेले. ते मँटलचे पहिले कार्डही नाही. पहिले कार्ड बोमन या स्पर्धक कंपनीने १९५१ मध्येच काढले होते. तरीही सव्वा कोटी डॉलर मिळाले ते टॉप्सच्या कार्डाला. म्हणजे केवळ दुर्मीळता भाव ठरवत नाही. मँटल न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाचा, दूरचित्रवाणीच्या पहिल्या पिढीचा नायक होता. त्याचे खेळणे पाहून वाढलेली मुले १९७० च्या दशकात तिशी-पस्तिशीची झाली, त्यांच्या हाती पैसा आला, आणि त्यांना आपले बालपण परत हवे होते. ते मिळण्याजोगे नव्हते. कार्ड मिळण्याजोगे होते.

पण कुठे? मुलांनी ती भिंतीवर उडवून पैजा लावल्या होत्या, सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढला होता, रबरबँडने करकचून बांधली होती. महायुद्धाच्या काळातील कार्डे कागद गोळा करण्याच्या मोहिमेत गेली. उरलेली, मुलगा कॉलेजला किंवा सैन्यात गेल्यावर, आईने माळा साफ करताना टाकली. अमेरिकेतील त्या पिढीच्या पुरुषांत आईने कार्डे फेकल्याची तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिला लोककथेचे रूप आले आहे. तक्रार करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नसे. सगळ्या आयांनी कार्डे जपली असती, तर कोणाच्याच कार्डाला भाव आला नसता.

या विखुरलेल्या हौसेला बाजाराचे रूप दिले ते संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकाने. जेम्स बेकेट यांनी संग्राहकांकडून भाव मागवून त्यांची सरासरी मांडायला सुरुवात केली. १९७९ मध्ये त्यांचे भावसूचीचे पुस्तक निघाले आणि १९८४ पासून मासिक. त्या मासिकात कार्डापुढे वर किंवा खाली जाणारा बाण असे. बारा वर्षांचा मुलगा दर महिन्याला आपल्या वहीतील मालमत्तेचा हिशेब करू लागला, जसा त्याचा बाप शेअर बाजाराचे पान पाहून करी. या सूचीत एक मेख होती. छापलेला भाव हा दुकानदार साधारण ज्या भावाने कार्ड विकतो तो. मुलगा तेच कार्ड विकायला गेला तर त्याला त्याचा लहानसा अंश मिळे. पण विकायला जातो कोण? भाव वाढतच होता.

दरम्यान मक्तेदारीही सैल झाली. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकत घेतल्यापासून मैदान तिचेच होते. फ्लीअर कंपनीने १९७५ मध्ये तिला न्यायालयात खेचले, १९८० मध्ये निकाल फ्लीअरच्या बाजूने लागला आणि १९८१ मध्ये फ्लीअर व डॉनरस या दोघांची कार्डे बाजारात आली. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, पण तोवर वाट सापडली होती. टॉप्सचा हक्क गमबरोबर विकल्या जाणाऱ्या कार्डांपुरता होता, म्हणून फ्लीअरने गमऐवजी स्टिकर दिले आणि डॉनरसने चित्रकोड्याचे तुकडे. गम कागदी पाकिटातून गेला, तो असा वकिली युक्तीने. १९८८ मध्ये स्कोअर आली आणि १९८९ मध्ये अपर डेक.

अपर डेकचे पाकीट इतरांच्या जवळपास दुप्पट किमतीचे. चकचकीत कागद, बनावट कार्डे टाळण्यासाठी मागे होलोग्राम, आणि पहिल्या क्रमांकावर सिॲटल मरिनर्स संघाचा एकोणीस वर्षांचा केन ग्रिफी ज्युनिअर. कार्डाची तयारी झाली तेव्हा त्याने मोठ्या लीगमधील एकही सामना खेळला नव्हता. त्याच्या छायाचित्रातील टोपी दुसऱ्या संघाची होती आणि ती रंग बदलून मरिनर्सची करण्यात आली. कंपनीने लावलेली ही पैज अचूक ठरली. ग्रिफी पुढे महान खेळाडू झाला आणि २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतांनी ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला.

आता या काळातील बाजाराकडे पाहू, कारण कहाणीचे मर्म येथे आहे. १९८७ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर वृत्तपत्रे जुन्या कार्डांच्या परताव्याची तुलना समभागांशी करू लागली. जुन्या कार्डांचे भाव खरोखर वाढले होते, ही गोष्ट खोटी नव्हती. त्यावरून लोकांनी जो निष्कर्ष काढला, तो मात्र उलटा होता. जुनी कार्डे महाग झाली, म्हणून नवी कार्डे घेऊन ठेवली तर तीही महाग होतील, असे गणित मांडले गेले. १९५२ च्या कार्डांना भाव आला तो कोणी जपली नाहीत म्हणून. १९८९ ची कार्डे मात्र पाकिटातून निघाल्याबरोबर प्लॅस्टिकच्या कव्हरात जात होती.

आणि किती कार्डे? कंपन्या छपाईचा आकडा जाहीर करत नसत. ग्राहकाला समभाग घेताना कंपनीचे एकूण किती समभाग आहेत ते कळते; कार्ड घेताना त्याच्यासारखी आणखी दहा हजार आहेत की दहा लाख, हे कळायला मार्ग नव्हता. बाजारातील एका अंदाजानुसार त्या काळात वर्षाला ८१ अब्ज कार्डे छापली जात. हा आकडा फुगवलेला मानून निम्मा केला, तरी देशातील प्रत्येक माणसामागे वर्षाला दीडशेहून अधिक कार्डे पडतात. यात तान्ही मुले आणि वृद्धाश्रमातील आजीही आल्या. १९९१ मध्ये नव्या कार्डांची विक्री १२० कोटी डॉलरांच्या घरात पोहोचली.

त्या वर्षांत भाव केवळ खेळाडूंच्या भविष्यावर चढत. टॉड व्हॅन पॉपेल हा टेक्सासमधील शाळकरी गोलंदाज, बेसबॉलच्या भाषेत पिचर, १९९० मध्ये ओकलंड संघाने निवडला तेव्हा त्याच्या कार्डांवर उड्या पडल्या. मोठ्या लीगमधील त्याची कारकीर्द ४० विजय आणि ५२ पराभवांत संपली. मार्क मॅग्वायरच्या बाबतीत उलटे घडले. १९९८ मध्ये एका हंगामात ७० होमरन मारल्यावर त्याचे १९८५ चे टॉप्स कार्ड गगनाला भिडले. पुढे उत्तेजक द्रव्यांची चर्चा सुरू झाली, २०१० मध्ये त्याने ते सेवन केल्याची कबुली दिली आणि कार्ड खाली आले ते आलेच. कार्ड विकत घेणारा कागद घेत नसतो, परक्या माणसाच्या चारित्र्यावर आणि गुडघ्यांवर पैसे लावत असतो.

फुगा एका दिवसात फुटला नाही. १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडूंचा संप सुरू झाला आणि १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज रद्द झाली. रागावलेल्या चाहत्यांनी खेळाकडेच पाठ फिरवली, मग कार्डे कोण घेतो? १९९२ मध्ये फ्लीअर विकत घेणारी मार्व्हल ही कॉमिक्सची कंपनी डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. कॉमिक्सच्या बाजारातही याच प्रकारचा सट्टा चालू होता. संपाला अनेकदा एकट्याला दोषी धरले जाते, ते पटत नाही. माल आधीच नको इतका होता. संपाने लोकांना तो विकायला काढण्याचे निमित्त दिले.

खरा घाव घातला ईबेने. १९९५ पूर्वी गावातील दुकानात एखाद्या कार्डाच्या दोनच प्रती दिसत आणि ते दुर्मीळ वाटे. ईबेवर त्याच कार्डाच्या शेकडो प्रती एका पडद्यावर, एकाखाली एक, विक्रीला मांडलेल्या दिसू लागल्या. भावसूचीतील बाण आणि प्रत्यक्ष बोली यांतील अंतर प्रथमच सगळ्यांना दिसले. पुढील दीड दशकात नव्या कार्डांची वार्षिक विक्री २० कोटी डॉलरांपर्यंत घसरली. त्या काळातील कार्डांना संग्राहकांनी ‘जंक वॅक्स’ असे नाव दिले, कारण पाकिटे मेणकागदाची असत. मराठीत मेणकागदी रद्दी म्हणता येईल.

याच पडत्या वर्षांत वॅग्नरचे एक विशिष्ट कार्ड मात्र थांबायला तयार नव्हते. १९८५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने ते २५ हजार डॉलरांना घेतले. १९८७ मध्ये १ लाख १० हजार. १९९१ मध्ये सॉदबीजच्या लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजारांना. १९९६ मध्ये एका स्पर्धेचे बक्षीस म्हणून ते फ्लोरिडातील एका टपाल कर्मचारी महिलेला मिळाले आणि तिने ते क्रिस्टीजमार्फत ६ लाख ४० हजार ५०० डॉलरांना विकले. २००० मध्ये १२ लाख ६५ हजार. २००७ मध्ये दोनदा हात बदलून २८ लाख.

ऐंशी वर्षे जुन्या सिगारेट-कार्डाचे कोपरे इतके धारदार कसे, असा प्रश्न जाणकार विचारत होतेच. १९९१ मध्ये कार्डांना १ ते १० अशी श्रेणी देऊन प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत घालणारी पीएसए ही संस्था निघाली. तिने तपासलेले पहिले कार्ड हेच, प्रमाणपत्र क्रमांक १, श्रेणी ८. पुढे लिलावांतील बनावट बोलींच्या प्रकरणात मॅस्ट्रोवर खटला झाला. २०१३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि सोबत हेही मान्य केले की वॅग्नरच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. पीएसएच्या नियमानुसार कापलेल्या कार्डाला अंकश्रेणी मिळतच नाही. त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे संपूर्ण श्रेणीव्यवस्थेच्या पायाचा पहिलाच दगड कात्रीने घडवलेला निघाला.

तरीही व्यवस्था टिकली, इतकेच नव्हे तर फोफावली. इंटरनेटवर न पाहिलेल्या माणसाकडून कार्ड घेताना कोणाच्या तरी शिक्क्यावर विश्वास ठेवावाच लागतो. श्रेणीने भावाचे गणितच बदलले. १९५२ चा मँटल तळाच्या श्रेणीत असेल, चिरा पडलेला आणि कोपरे झिजलेला, तर १ कोटी २६ लाखांचा शंभरावा हिस्साही मिळत नाही. चित्र तेच, शाई तीच. विक्रमी किमतीची प्रत १९८६ मध्ये बॉस्टनजवळ एका घरात सापडलेल्या साठ्यातील होती. खोकी तिथेच पडून राहिली, पोरांच्या हाती गेली नाहीत, म्हणून कोपरे शाबूत राहिले. ॲलन रोझन या व्यापाऱ्याने १९९१ मध्ये ती ५० हजार डॉलरांना विकली होती.

श्रेणीचा उपयोग जंक वॅक्सलाही झाला, पण फक्त टोकाला. ग्रिफीच्या अपर डेक कार्डाच्या निर्दोष, म्हणजे १० श्रेणीच्या प्रती चार हजारांहून अधिक आहेत आणि त्यांना खरोखर चांगला भाव येतो. पहिला क्रमांक असल्यामुळे ते कार्ड छपाईच्या तक्त्याच्या कोपऱ्यात येई आणि हाताळणीत सहज दबे, हेही त्याचे एक कारण. ९ श्रेणीला उतरले की भाव कोसळतो. एखाद्या महान खेळाडूच्या कार्डाची किंमत भिंगाखाली दिसणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरच्या पांढऱ्या डागावर ठरावी, हे विचित्रच आहे. पण बर्डिकची वही मागे पडून बेकेटची सूची आली, तेव्हाच हा प्रवास सुरू झाला होता.

कंपन्यांनी या पडझडीतून घेतलेला धडा सोपा होता. दुर्मीळता आपोआप घडण्याची वाट पाहायची नाही, ती कारखान्यातच घडवायची. १९९० मध्ये अपर डेकने रेजी जॅक्सनने सही केलेली २,५०० कार्डे पाकिटांत विखरून ठेवली होती. पुढे सह्या, खेळाडूने घातलेल्या जर्सीचे कापड, कार्डावर छापलेला प्रतिक्रमांक हे सगळे नित्याचे झाले. टोकाला गेले ते ‘एकमेव प्रत’ असलेले कार्ड. माइक ट्राउट या खेळाडूचे असे एक स्वाक्षरीचे कार्ड २०१८ मध्ये ४ लाख डॉलरांना विकले गेले आणि ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजारांना.

मधल्या काळात जग घरात बंद झाले होते. कोविडमुळे रिकामा वेळ मिळालेल्या चाळिशीतील पुरुषांनी माळ्यावरची खोकी उघडली. २०२० मध्ये ईबेवरील ट्रेडिंग कार्डांची अमेरिकेतील विक्री १४२ टक्क्यांनी वाढली. मार्च २०२१ मध्ये साचलेल्या कार्डांच्या ढिगापुढे हात टेकून पीएसएने बहुतेक सेवा काही काळ थांबवल्या. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधील एका टार्गेट दुकानाच्या वाहनतळावर कार्डांवरून मारामारी झाली आणि त्या साखळीने दुकानांतील कार्डविक्रीच स्थगित केली. पुढच्या वर्षी नव्या आणि मधल्या दर्जाच्या कार्डांचे भाव उतरले. त्याच वर्षी मँटलचा विक्रम झाला आणि वॅग्नरची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरांना गेली. १९९० च्या दशकातील चित्र पुन्हा उमटले : तळ ढासळतो तेव्हा पैसा शिखराकडे पळतो.

मालकीचे वर्तुळही फिरले आहे. २०१० पासून मेजर लीगची अधिकृत कार्डे काढण्याचा हक्क पुन्हा एकट्या टॉप्सकडे होता. २०२१ मध्ये भविष्यातील परवाना फॅनॅटिक्स या क्रीडासाहित्याच्या कंपनीने मिळवला आणि जानेवारी २०२२ मध्ये टॉप्सच विकत घेतली. १८९० ची अमेरिकन टोबॅको कंपनी आठवावी. फरक असा की त्या मक्तेदारीला कार्डे नकोशी झाली होती. या मक्तेदारीचा धंदाच कार्डे आहे, आणि पाकिटात किती वेळाने काय सापडावे हे ती ठरवते.

तिने सुरू केलेल्या एका प्रकारात खेळाडूच्या पहिल्या सामन्यातील जर्सीवरचा बिल्ला कापून कार्डात बसवला जातो. खेळाडू सही करतो आणि प्रत एकच निघते. पॉल स्कीन्स या गोलंदाजाचे असे कार्ड २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसमधील अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटात निघाले. स्कीन्स पिट्सबर्ग पायरेट्सचा, म्हणजे वॅग्नरच्याच संघाचा खेळाडू. संघाने कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटे आणि इतर भेटी देऊ केल्या. कुटुंबाने त्या नाकारल्या. मार्च २०२५ मध्ये कार्ड लिलावात ११ लाख १० हजार डॉलरांना गेले. त्या वेळी स्कीन्स मोठ्या लीगमध्ये एकच हंगाम खेळला होता.